कोकणात बेस गिटार: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कुडाळजवळच्या एका वाडीत राहतो. दिवसा लाइट फिटिंगची कामं करतो आणि संध्याकाळी बेस वाजवतो: ऑर्केस्ट्रात, लग्नात, गणपतीत, बोलावलं तर भजनातही. गेल्या बारा वर्षांत मंडपात, एसटी स्टँडवर आणि चहाच्या टपरीवर लोकांनी जे पुन्हा पुन्हा विचारलं, ते इथे एकत्र केलंय. सगळ्यांत जास्त विचारलेला प्रश्न पहिला.

ह्या गिटारीक दोन तारो कमी कित्याक?

कमी नाहीत, चारच असतात. साध्या गिटारच्या वरच्या चार जाड तारा घ्या आणि त्या एक सप्तक खाली उतरवा, झाला बेस. पेटीच्या भाषेत सांगायचं तर जाड तारेपासून बारीक तारेकडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. इंग्रजी नावं ई, ए, डी, जी. सगळ्यांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा हलते. एवढी कमी, की अंधूक उजेडात ती हलताना नुसत्या डोळ्यांनी दिसते.

आधी या कामाला माणसाहून उंच, उभा डबल बेस असायचा. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडरने दांडीवर धातूच्या आडव्या कड्या, म्हणजे फ्रेट, असलेला, गळ्यात अडकवायचा प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि वाजवणाऱ्यांची पाठ सुटली. पाच तारांचेही बेस मिळतात, त्यात खाली पांढरी सातची आणखी एक जाड तार असते. शिकताना चारच पुरे. पाचवी तार सुरुवातीला फक्त अंगठा टेकवायला उपयोगी पडते.

आधी साधी गिटार शिकावी लागते का?

नाही. तबला किंवा पखवाज वाजवलेला मुलगा गिटारवाल्यापेक्षा लवकर बेसवर येतो, हे मी तीन-चार वेळा पाहिलंय.

मोबाइलवर गाणं लावतो, पण त्यात बेस ऐकूच येत नाही. काय ऐकायचं?

मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. खालचे सूर त्यातून नीट बाहेरच पडत नाहीत. वरचे अंश ऐकून बाकीचं कान स्वतः भरून घेतो, म्हणून गाणं पूर्ण वाटतं. कानात बसणारा साधा वायरचा हेडफोन लावा आणि तेच गाणं पुन्हा ऐका. घरात पहिल्यांदाच कोणीतरी जिना उतरून खाली आल्यासारखं वाटेल.

मग एकच काम करायचं: गायकाकडे दुर्लक्ष करून खालची ओळ तोंडाने गुणगुणायची. गाता आली तर वाजवता येईल. आर. डी. बर्मनच्या संगीतात टोनी वाझ यांचा बेस ऐका, रहमानच्या गाण्यांत कीथ पीटर्स यांचा. आजच्या पिढीतली मुंबईची मोहिनी डे ऐकायला जरूर घ्या, पण तिची नक्कल करायला पहिल्या वर्षी जाऊ नका. माझा एक विद्यार्थी गेला होता. दोन महिन्यांत बेस माळ्यावर.

कोणता घ्यावा? खर्च किती?

सुरुवातीला चार तारांचा, ३४ इंची स्केलचा (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा) साधा बेस. मूल दहा-बारा वर्षांचं असेल किंवा हात लहान असेल तर ३० इंची शॉर्ट स्केल मिळतो, तो बघा. मी माझा पहिला जुना घेतला, नऊ हजारांना, गोव्याच्या एका वाजवणाऱ्याकडून. जुना घेताना तीन गोष्टी तपासा. दांडीच्या टोकाशी डोळा लावून सरळ बघा, ती पिळलेली असेल तर फुकट मिळाला तरी नको. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघा. आणि आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का ऐका. खरखर असेल तर घाबरू नका, ती स्प्रेने जाते, पण भाव करायला उपयोगी आहे.

अँपसाठी, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या स्पीकरच्या डब्यासाठी, वेगळे पैसे ठेवा. साध्या गिटारच्या छोट्या अँपला बेस जोडून आवाज वाढवला की त्याच्या स्पीकरचा पडदा फाटतो. घरी सरावाला हेडफोनचा छोटा अँप पुरतो, आणि शेजारीही टिकतात.

जवळपास शिकवणारा नाही. सुरुवात कशी करू?

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न देवगडपासून दोडामार्गापर्यंत सगळीकडून येतो. व्हिडिओ बघून शिकता येतं, पण व्हिडिओवाला ‘ई मायनर’ म्हणतो आणि आपल्या मंडळात बुवा ‘काळी एक’ म्हणतात. या दोघांमध्ये पूल बांधायला मला दोन वर्षं लागली. तुम्ही एका आठवड्यात बांधा.

आधी पट्ट्या. तारेचं नाव आणि फ्रेटचा नंबर पाठ करा. काळी एक: सहाची, म्हणजे ए तार, चौथा फ्रेट. काळी दोन: तीच तार, सहावा फ्रेट. काळी तीन: सगळ्यांत जाड तार, दुसरा फ्रेट. काळी चार: जाड तार, चौथा. काळी पाच: जाड तार, सहावा. बस. समोरच्याने पट्टी सांगितली की बोट तिथे जाऊन बसलं पाहिजे, विचार न करता. तो तुमचा सा.

आता पंचम. सा जिथे आहे तिथून दोन फ्रेट पुढे आणि एक तार खाली, म्हणजे बारीक तारेकडे. तिथेच आणखी एक तार ओलांडली की त्याच फ्रेटवर वरचा सा. हा आकार सगळ्या पट्ट्यांत सारखाच राहतो. पेटीवाल्याला प्रत्येक पट्टीत बोटं नव्याने बसवावी लागतात, आपल्याला फक्त हात सरकवायचा. पेटीवाल्यांना हे सांगू नका.

मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, काळी एकवर. दहा मिनिटं फक्त सा, पंचम, वरचा सा. सावकाश. सूर तानपुऱ्यात विरघळला पाहिजे. तार नीट लावली नसेल किंवा बोट जोरात दाबून तार ओढली जात असेल तर तो लगेच वेगळा ऐकू येतो.

मग ठेका. केरवा सगळ्यांना येतो: धा गे ना ति, न क धि न. आता तबलजीच्या डाव्या हाताकडे बघा. डग्गा कुठे गुंजतो? धा वर, गे वर, आणि मग थेट सातव्या मात्रेला, धि वर. मधल्या चार मात्रा त्याचा घुमारा बंद. बेसने नेमकं तेच करायचं. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, सा, लांब. मधे गप्प. सातव्या मात्रेला पंचम किंवा पुन्हा सा, आणि त्याच्या आधाराने पुढच्या समेवर उडी. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या मंडळातल्या तबलजीशेजारी बसून एका रात्री कळलं, की मी जे इंग्रजी व्हिडिओंत शोधत होतो ते माझ्या डाव्या गुडघ्याजवळ वाजत होतं. तिकडचे लोक बेस ड्रमशी जुळवून घ्या म्हणतात. आपल्याकडे डग्ग्याशी जुळवा, बाकीचं आपोआप होतं.

हा एक ठेका, एक पट्टी, दोन सूर. पहिला महिना एवढंच. कंटाळा येतो हे मान्य. कंटाळा आला की वेग वाढवू नका, कमी करा. सावकाश वाजवताना दोन सुरांमधली जागा सांभाळणं जास्त कठीण आहे, आणि पुढे मंडळातले लोक तुम्हाला त्याच जागेसाठी बोलावतील.

बोटं सोलतात, मनगट दुखतं. चालायचंच का?

बोटं सोलणं चालायचंच. तीन-चार आठवड्यांत कातडी जाड होते. फोड आला तर तो फोडू नका, दोन दिवस थांबा.

मनगट दुखणं मात्र चालायचं नाही. बहुतेक वेळा पट्टा फार लांब सोडलेला असतो आणि बेस गुडघ्याशी लोंबत असतो, मग डावं मनगट काटकोनात वळतं. पट्टा आखडा. बसून वाजवताना बेस जिथे असतो, तिथेच तो उभं राहिल्यावरही असला पाहिजे. दुसरं म्हणजे, खालच्या फ्रेटवर अंतर मोठं असतं, तिथे चार बोटं चार फ्रेटवर ताणू नका. पहिलं, दुसरं आणि करंगळी एवढीच वापरा, तिसरं बोट करंगळीला टेकू देईल. उजव्या हाताने तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. एकाच बोटाने वाजवायचं असेल तर तीही मोठी परंपरा आहे, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे जेम्स जेमर्सन आयुष्यभर एकट्या तर्जनीवर वाजवत राहिले.

भजनात बेस चालतो का?

आधी बुवांना विचारा. काहींना आवडतो, काहींना नाही. नाही म्हणाले तर झांज घ्या आणि बसा.

चालत असेल तर कमी वाजवा. सुरुवातीच्या रूपाच्या अभंगाला, आलापाला हात तारेवर नुसता ठेवा. गजराला लय चढते तेव्हा खरी गरज लागते, तेव्हा समेवर ठाम राहा. पखवाज पुढे धावेल, टाळ त्याच्याही पुढे, तुम्ही धावू नका.

आणि एक गोष्ट माझ्याकडून शिका, म्हणजे तुम्हाला ती मंडपात शिकावी लागणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. एका बुवांनी मालकंसात अभंग धरला. मी सवयीने सा-पंचम, सा-पंचम चालू ठेवलं. मालकंसात पंचम नसतोच, रिषभही नसतो. मला माहीत नव्हतं. दोन आवर्तनं झाली, बुवांचा भात्यावरचा हात थांबला. पेटीचा आवाज हळूहळू मेला, पखवाजवाला थांबला, आणि बुवा माझ्याकडे न बघता म्हणाले, “रे, पंचम खयसून इलो?” पुढच्या रांगेतली बायामाणसंही हसली. तेव्हापासून मी बसण्याआधी पट्टी विचारतो आणि लगेच दुसरा प्रश्न, पंचम आहे ना? मालकंस असेल तर सा आणि मध्यम. सा पासून मध्यम शोधायलाही हात हलवावा लागत नाही, त्याच फ्रेटवर बारीक तारेकडची पुढची तार.

अँपमधून सतत घूंऽऽ आवाज येतो. बेस खराब आहे का?

बहुधा नाही. हा माझ्या दिवसाच्या धंद्याचा प्रश्न आहे, त्यामुळे हात आखडता घेणार नाही.

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणजे ५० हर्ट्झ. जाड तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे खालची पांढरी पाच, ४९ हर्ट्झला वाजते. अँपमध्ये अनेकदा त्याच्या दुप्पट १०० हर्ट्झ ऐकू येतो, आणि मोकळी पांढरी पाचची तार आहे ९८ हर्ट्झवर. म्हणजे महावितरण दिवसभर आपल्यासाठी पांढरी पाच किंचित चढी लावून बसलेलं असतं. त्या पट्टीत गाणं असलं की घूं लपतो, काळी चारमध्ये असलं की अंगावर येतो.

आता कारण शोधा. तारांना हात लावल्यावर घूं कमी झाला, तर बेसच्या आतलं शील्डिंग, म्हणजे बाहेरचा घूं अडवणारं आवरण, कमकुवत आहे, किंवा खोलीत पंख्याचा रेग्युलेटर, एलईडीचा डिमर, स्वस्त चार्जर यातलं काहीतरी ओरडतंय. एकेक बंद करून बघा. जागेवर उभं राहून नव्वद अंशांत वळलात आणि घूं बदलला, तर तो सिंगल कॉइल पिकअपचा (तारेचं हलणं पकडणाऱ्या, एकाच वेटोळ्याच्या चुंबकाचा) स्वभाव आहे. जॅझ बेससारखे दोन पिकअप असतील तर दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, घूं एकमेकांत कापला जातो. इन्व्हर्टरवर चालवल्यावर भुंग्यासारखी गुणगुण येत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे, त्यावर फक्त दिवे चालवा.

पण मुख्य संशयित अर्थिंग. आपल्याकडे जांभा. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. घरी असाल तर त्यात बादलीभर पाणी ओता आणि फरक ऐका. मंडपात तर कित्येकदा दोनच वायरी आलेल्या असतात, तिसरी पिन हवेत.

एकदा मे महिन्यातल्या एका पूजेला, शेणाने ताज्या सारवलेल्या ओल्या खळ्यात मी अनवाणी उभा होतो. बेस गळ्यात, आणि कोरससाठी माइककडे वाकलो. ओठ माइकला लागले आणि पांढरा झटका बसला, दात एकमेकांवर आपटले. साऊंडवाला म्हणाला, जरा मारता, कापड गुंडाळ. कापड गुंडाळू नका. तारांना किंवा माइकला मुंग्या जाणवल्या की तिथेच वाजवणं थांबवा, मेन बंद करायला लावा. अर्थची जाड पिन कापून दोन पिनांत घुसवलेला प्लग दिसला तर त्या फळीवर काहीही जोडू नका, घूं कमी होत असला तरी. मी आता माझा स्वतःचा बोर्ड नेतो, त्यात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, बसवलेला आहे. चप्पल घालूनच वाजवतो. देवासमोर कसं, म्हणून कोणी विचारलं तर रबरी चटई अंथरतो.

साऊंडवाल्याला बेस वाढव म्हटलं की तो छाती हादरवतो, पण माझा सूर ऐकू येत नाही.

त्याच्या भाषेत बेस म्हणजे धडधड, तुमच्या भाषेत बेस म्हणजे तुम्ही. म्हणून त्याला ‘बेस वाढव’ म्हणूच नका. ‘माझ्या चॅनेलचा मिड वाढव, खालचा थोडा काप’ असं सांगा. सूर कळतो तो मधल्या पट्ट्यातून. अगदी खालच्या सुराची एक लाट सुमारे आठ मीटर लांब असते, ती छोट्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात फुगते आणि दुसऱ्यात गायब होते, आणि वरचा पत्रा तेवढा थरथरतो. साऊंड चेकच्या वेळी लांब केबल लावून स्वतः प्रेक्षकांत जाऊन ऐका.

रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. सणांच्या ठरावीक दिवसांना बारापर्यंत सूट मिळते, ती कोणत्या दिवशी आहे हे आयोजकांना आधी विचारून ठेवा. गाणं रंगात असताना पोलिसांनी स्विच काढला की अँपचा जो ठोका बसतो तो स्पीकरला चांगला नाही.

पावसाळ्यात बेस कसा सांभाळायचा?

जूनला सुरुवात होते ती तारांपासून. सकाळी चकचकीत असलेली तार आठ दिवसांत तांबूस. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसायची. खालून पुसायचं सगळे विसरतात, घाम तिथेच बसतो. मालवण, वेंगुर्ल्यात किनाऱ्यावर वाजवलंत तर त्याच रात्री पुसा, खारा वारा सकाळची वाट बघत नाही.

मग बुरशी. बंद केसमध्ये ठेवला म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज. जुलैत केस उघडाल तर पट्ट्यावर पांढरी लव आणि केसच्या मखमलीला कुबट वास. माझ्याकडे बेस स्टँडवर, बाहेर असतो, आतल्या भिंतीशी. न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि पश्चिमेची भिंत टाळा. केसमध्ये ठेवायचाच असेल तर सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पंधरा दिवसांनी त्या तव्यावर मंद गरम करून कोरड्या करा, प्लास्टिकच्या असतील तर नवीन घ्या.

दांडीचं लाकूड ओल खातं आणि किंचित वाकतं. कधी तारा उंच वाटतात, कधी फ्रेटला लागून खरखरतात. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्याजवळ तार आणि फ्रेटमध्ये फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. जास्त-कमी असेल तर दांडीतली लोखंडी सळी ॲलन कीने पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि एक दिवस थांबा. अडली तर जोर लावू नका. पाऊस संपला की ऑक्टोबरात पुन्हा उलट पाव फेरा लागतो, ते लक्षात ठेवा.

फ्रेटबोर्डला खोबरेल लावू का, हे दरवर्षी कोणीतरी विचारतं. नको. चिकटतं, धूळ धरतं आणि खवट होतं.

तारा उकळल्या की नव्या होतात म्हणतात, खरं का?

अर्धं. बेसच्या तारा महाग, म्हणून जगभर लोक हे करतात. वेटोळ्यांतला घाम-मळ सुटतो आणि तार काही दिवस खणखणीत वाजते. गंज जात नाही. दहा मिनिटं उकळून लगेच पूर्ण कोरड्या करायच्या. मी एकदा आईच्या भाताच्या टोपात उकळल्या. “माझो टोप खय गेलो?” पासून जे सुरू झालं ते आठवडाभर चाललं. वेगळं भांडं घ्या.

लाइट गेली की सराव बंद?

२०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तिकडचा एक मित्र त्या दिवसांत बेसचं वरचं शिंगासारखं टोक लाकडी कपाटाला टेकवून वाजवायचा. करून बघा, अख्खं कपाट गुणगुणतं. सागवानी असेल तर छानच.

तुमच्या बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. पिन आत राहिली की बॅटरी चालूच राहते आणि नेमकी कार्यक्रमात संपते.

स्लॅप कधी शिकू?

शिका, पण का वाजवायचा ते कळल्यावर. अमेरिकेतले बेसवादक लॅरी ग्रॅहॅम आईबरोबर वाजवायचे, त्यांच्याकडे ड्रमर नव्हता, म्हणून ड्रमचे ठोके अंगठ्याने तारेवर मारायला लागले. तोच स्लॅप. तुमच्याकडे ढोल, ताशा, ऑक्टोपॅड आणि दोन टाळवाले असतील तर ती गरज भागलेली आहे.

पैसे मिळतात का?

हंगामात. गणपती, नवरात्र, जत्रा, मग लग्नसराई. चार महिने पाऊस कोरडा, म्हणजे आमच्यासाठी. खरं सांगायचं तर अनेक ऑर्केस्ट्रांत कीबोर्डवाल्याचा डावा हातच बेस वाजवतो आणि एक मानधन वाचतं. माझंही काम दोनदा असं गेलं. तिसऱ्या वर्षी परत बोलावलं, कारण कीबोर्डवाल्याला दोन्ही हात दुसरीकडे हवे होते. बेसवर घर चालवायचा विचार असेल तर मुंबई किंवा गोवा, आणि सोबत स्वरलिपी वाचता आली पाहिजे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या रॉक अँड पॉप परीक्षांमध्ये बेसच्या वेगळ्या ग्रेड आहेत, इनिशियलपासून आठपर्यंत, शिकायला एक दिशा म्हणून बऱ्या आहेत.

एसटीतून नेता येतो का?

येतो. बॅगेसकट जवळजवळ चार फूट, वजन चार-पाच किलो. वरच्या रॅकवर टाकू नका, घाटात खाली येतो. शेवटच्या सीटवरही नको, तिथले धक्के दांडीला झेपत नाहीत. पुढची सीट पकडा, बेस उभा, गुडघ्यांच्या मधे, खुंट्या वर. कंडक्टर बॅगेवर टिचकी मारून काय आहे विचारतो. गिटार म्हटलं की वाजवून दाखव म्हणतो. मी आता भजनाचं सामान सांगतो.